मेरिडियनवर नेमके काय मोजतात?

पारंपरिक चिनी वैद्यकात १२ मुख्य मेरिडियन (‘ची’ म्हणजे जीवनशक्ती वाहण्याचे कल्पिलेले मार्ग) मानतात. अनेकांना मेरिडियन म्हणजे रक्तवाहिन्याच वाटतात. शरीररचनाशास्त्राला मात्र अशा वेगळ्या नलिका सापडलेल्या नाहीत. विमानमार्गाची रेघ नकाशावर दिसते, आकाशात रस्ता आखलेला नसतो, तसेच हे.

मग मेरिडियनवर लावलेले यंत्र काय मोजते?

अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या, मेरिडियनवरच्या ‘हेगू’ या ॲक्युपंक्चर बिंदूवर लेझर डॉप्लरचा (हलत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या प्रकाशातला बदल टिपणारे तंत्र) संवेदक चिकटवतात. तो साधारण एक मिलिमीटर खोलीपर्यंतच्या, त्वचेतल्या बारीक वाहिन्यांमधला प्रवाह दाखवतो. सुई टोचली की तिथले मज्जातंतू चेतवले जाऊन वाहिन्या रुंदावतात आणि आकडा वाढतो. खोलीतली हवा गार असेल तर तो घटतो. म्हणूनच शेजारच्या, मेरिडियनबाहेरच्या त्वचेवरही तीच मोजणी करून तुलना करावी लागते.