बोर्ड चालू, नेट बंद : दोष कोठे शोधावा?

आमच्या काही व्यापारी व कारागीर बांधवांच्या गाळ्यांत अलीकडे पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक दिसू लागला आहे. एकच हिरवा बोर्ड, त्यावर चार खाचा, आणि हार्ड डिस्कच्या जागी नखाएवढे मेमरी कार्ड. या जातीच्या संगणकांत ‘रास्पबेरी पाय’ हे नाव सर्वांत परिचित आहे. शाळकरी मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका संस्थेने तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला. त्या वेळी त्याची किंमत ३५ डॉलर ठेवली होती. मुलांसाठी काढलेली ही वस्तू कारखानदार आणि दुकानदारांनी उचलली, कारण ती जागा कमी घेते आणि वीजही फार खात नाही. मालाची नोंदवही, बारकोडचा प्रिंटर, गोदामाचा कॅमेरा ही कामे ती बिनतक्रार करते.

बिनतक्रार म्हणजे नेटवर्क शाबूत असेपर्यंत. ते तुटले की भलाभला माणूस गोंधळतो. कोणी बोर्डाला दोष देतो, कोणी नेट पुरविणाऱ्या कंपनीला, आणि बहुतेक जण सगळे काही बंद करून पुन्हा चालू करतात. आम्हीही तेच करीत होतो.

तुर्भे येथील गाळ्यात आम्ही असा एक बोर्ड बसविला आहे. भिवंडीहून ताके येतात, त्यांची नोंद त्यावर होते आणि माल निघताना बिलही त्यावरूनच काढले जाते. राज्याबाहेर ५० हजार रुपयांवरचा माल पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते, हे वाचकांना ठाऊक आहेच. बिलाशिवाय गाडी रस्त्यावर अडली तर माल आणि गाडी दोन्ही थांबतात, वर दंड निराळा. आमची अडचण अशी की महिनाभर नेट नेमके गाडी लागली की जायचे. एरवी दिवसभर ठीक. गाडी दारात, हमाल गठाणी चढवून मोकळे, ड्रायव्हर विचारतो, “सेठ, बिल निघालं का?” आणि पडद्यावर नेट नाही. आमच्या मुनीमजींनी तर ड्रायव्हरांचा पायगुण म्हणून निकाल देऊन टाकला होता. पुढे कळले की मुनीमजी अर्धे बरोबर होते.

ताक्यात कोठे दोष आहे हे पाहायचे तर आपण तो वाराने उलगडतो, सगळा फाडून टाकीत नाही. येथेही तेच करावे लागते. वीज, तार किंवा वायफाय, पत्ता, राउटर, बाहेरचे जग, या क्रमाने जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि तो पुन्हा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रथम वीज. हा बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर चालतो असा समज आहे, आणि तो चालतोही, पण लंगडत. ‘पाय ३’ ला ५ व्होल्टचे अडीच अँपिअर लागतात, ‘पाय ४’ ला ३ आणि २०२३ साली आलेल्या ‘पाय ५’ ला ५ अँपिअर. चार्जर कमी ताकदीचा असेल किंवा केबल बारीक व लांब असेल, तर बोर्ड सुरू होतो, दिवा लागतो, परंतु प्रिंटर वा डिस्क जोडली की व्होल्टेज खाली बसते आणि जोडलेली उपकरणे, नेटसुद्धा, मध्येच सुटतात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विजेच्या कडाडीसारखी पिवळी खूण दिसली की समजावे, बोर्डाला वीज पुरत नाही. दोनशे रुपये वाचवून घेतलेली केबल अशी महागात पडते. राउटर आणि बोर्ड दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर असावेत. बोर्ड चालू आणि राउटर वीज गेल्यामुळे बंद, अशा स्थितीत बोर्डाला दोष देणारे आम्ही पाहिले आहेत.

त्यानंतर तार. ज्या बोर्डाला नेटवर्कच्या तारेची खाच आहे, तिच्यावर दोन लहान दिवे असतात. तार घातल्यावर एकही दिवा लागत नसेल तर दोष तारेत, तिच्या टोकाच्या प्लास्टिक क्लिपमध्ये किंवा राउटरच्या खाचेत आहे, पुढे काही तपासू नये. आपल्या गोदामांत उंदीर तार कुरतडतात, हे सांगायला नको. चांगल्या तारेलाही एका सलग तुकड्यात १०० मीटरची मर्यादा आहे. ती विजेच्या मोठ्या तारांना बांधून नेऊ नये. आणि जेथे तार नेता येते तेथे वायफायच्या मागे लागूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बिलाचा बोर्ड एका जागी बसलेला असतो, त्याला बिनतारी असण्याची काय गरज?

तरीही वायफायच हवे असेल तर आधी बोर्ड कोणता आहे ते पाहावे. २०१६ च्या ‘पाय ३’ मध्ये वायफाय प्रथमच अंगचे आले, परंतु ते फक्त २.४ गिगाहर्ट्झचे. राउटर ५ गिगाहर्ट्झवर लावला असेल तर त्या बोर्डाला त्याचे नावसुद्धा दिसणार नाही, आणि मोबाइलला मात्र छान दिसेल. २०१८ च्या ‘थ्री बी प्लस’ पासून आणि पुढे ‘४’ व ‘५’ मध्ये दोन्ही पट्टे आहेत. ‘झिरो’ नावाच्या लहान बोर्डांत मात्र २.४ च आहे. नव्या राउटरवर सुरक्षेचा प्रकार केवळ ‘डब्ल्यूपीए ३’ ठेवला असेल तर जुने बोर्ड जोडले जात नाहीत, तेथे ‘डब्ल्यूपीए २’ करावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बोर्डाला देश सांगावा लागतो. कोणत्या देशात कोणत्या लहरी वापराव्यात याचे नियम वेगळे असल्याने देश निवडेपर्यंत वायफाय बंदच राहते. मांडणीत ‘इंडिया’ निवडले की ते उघडते.

जागेचाही प्रश्न आहे. तुर्भ्यातले आमचे गाळे म्हणजे वर पत्रा आणि पुढे लोखंडी शटर. त्यात बोर्ड लोखंडी कपाटात ठेवायचा आणि वायफाय मिळत नाही म्हणायचे, हे बरे नव्हे. पावसाळ्यात ओल धरलेल्या कापसाच्या गठाणींची भिंतही लहरी शोषून घेते. बोर्डाच्या निळ्या यूएसबी खाचेत हार्ड डिस्क लावली असेल, तर तिच्यामुळेही २.४ चे वायफाय मंदावते. अशी डिस्क हातभर लांब सरकवून पाहावी.

येथपर्यंत सर्व ठीक असूनही आमचे नेट जात होते. चार्जर बदलला होता, तार नवी टाकली होती, खाचेवरचे दिवे लुकलुकत होते.

आता पत्ता. राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक मिळतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. तो राउटर आपणहून वाटतो. बोर्डावरच्या काळ्या खिडकीत ‘होस्टनेम’, मग एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि त्याला लागून मोठा ‘आय’ लिहिले की हा क्रमांक दिसतो. काहीच दिसले नाही किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही असे समजावे. मोबाइलवरून नोंदवही उघडता यावी, रोज क्रमांक बदलू नये, म्हणून आम्ही बोर्डात एक क्रमांक कायमचा लिहून ठेवला होता. युक्ती चांगली होती, पण राउटरला ती सांगितलीच नव्हती.

दोष सापडला तो आमच्या पुतण्याच्या एका साध्या प्रश्नाने. तो म्हणाला, “चाचा, बोर्ड पूर्ण बंद करा, आणि मग लॅपटॉपवरून त्याच्याच क्रमांकाला हाक मारून पाहू.” या हाकेला ‘पिंग’ म्हणतात. ‘पिंग’ लिहून पुढे क्रमांक दिला की त्या क्रमांकाचे यंत्र ‘मी आहे’ असे उत्तर देते. बोर्ड बंद, तार काढलेली, आणि तरीही उत्तर आले! मेलेल्या माणसाने ओ द्यावी तसे आम्ही चमकलो. ओ देणारा होता बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरचा मोबाइल.

प्रकार असा होता. गाडी लागली की ड्रायव्हर आणि हमाल वायफायचा पासवर्ड मागत, आणि आपण नाही म्हणत नाही. राउटर क्रमाने पत्ते वाटत जाई. सकाळी बोर्ड सुरू होण्यापूर्वी किंवा वीज जाऊन आल्यावर जास्त मोबाइल जोडले गेले, की बोर्डाचाच क्रमांक एखाद्या मोबाइलला मिळे. मग एकाच मार्क्याच्या दोन गठाणी ट्रान्सपोर्टमध्ये पडल्यासारखे होई. एकाचा माल दुसऱ्याकडे, कधी पोहोचे, कधी नाही. गाडी गेली की मोबाइलही जाई आणि नेट सुधारे. पायगुण तो हाच.

यावर उपाय दोन आहेत. राउटरच्या पानावर जाऊन बोर्डाचा पत्ता त्याच्या नावे राखून ठेवावा, म्हणजे तो दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. नाहीतर राउटरला सांगावे की वाटप १०० पासून सुरू कर, आणि आपले कायमचे क्रमांक १०० च्या आत ठेवावेत. आम्ही पहिला उपाय केला, आणि पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे वायफाय सुरू केले. आता ड्रायव्हर खुशाल व्हिडिओ पाहतात.

पत्ता ठीक असेल तर पुढची तपासणी पाच मिनिटांची आहे. प्रथम राउटरला पिंग करावे, बहुधा त्याचा क्रमांक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर आले नाही तर दोष गाळ्याच्या आतच आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटर उत्तर देतो तर ८.८.८.८ ला करावे. हा गूगलचा बाहेरचा क्रमांक आहे. येथे अडले तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा, तेव्हा खुशाल तक्रार नोंदवावी, आणि आपण काय तपासले तेही सांगावे, म्हणजे ‘राउटर बंद-चालू करा’ या उत्तरावर बोळवण होत नाही. क्रमांकाला उत्तर येते पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, असेही घडते. नावावरून क्रमांक शोधून देणारी सोय, डीएनएस, तेथे बिघडलेली असते. बोर्डाच्या मांडणीत डीएनएस म्हणून तोच ८.८.८.८ लिहिल्यास बहुधा काम होते.

नेट आहे, परंतु सरकारी किंवा बँकेचे पान ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसेल, तर घड्याळ पाहावे. ‘पाय ५’ पूर्वीच्या या बोर्डांत स्वतःचे घड्याळ नाही, आणि ‘पाय ५’ मध्ये आहे तर त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. चार दिवस बंद राहिलेला बोर्ड सुरू होतो तो चार दिवसांपूर्वीची तारीख घेऊन. नेट लागल्यावर वेळ आपोआप सुधारते, पण त्यास थोडा अवकाश द्यावा लागतो.

जुन्या माहितीवर विसंबणाऱ्यांसाठी एक सूचना. वायफायचे नाव व पासवर्ड एका फाइलमध्ये लिहून ती कार्डावर टाकण्याची पद्धत पूर्वी चाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून ती चालत नाही. आता कार्ड तयार करतानाच, ‘इमेजर’ या प्रोग्राममध्ये, ही माहिती भरावी लागते. एक बांधव यावर दोन दिवस घालवून बोर्ड परत करायला निघाले होते.

आमच्या गाळ्यात बोर्डाच्या वर भिंतीवर आता एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर बोर्डाचा क्रमांक, राउटरचा क्रमांक, नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तपासणीचा क्रम उर्दूत व मराठीत लिहिला आहे, कारण गाडी दारात असताना पुतण्या नेहमी जवळ असतोच असे नाही. मागच्या महिन्यात मुनीमजींनी एकट्याने तो वाचून कुरतडलेली तार शोधून काढली.