वीस मायक्रॉनचा सैलपणा, डोंबिवलीपर्यंतची घसरण

दोन अश्वशक्तीची, मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटर. भोसरीच्या शेडमधल्या लेथवर असते, ब्लोअरवर असते, छोट्या गिरणीतही असते. या मापाच्या मोटरीत बहुधा 6205 नंबरचं बेरिंग सापडतं. त्याचा आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52, रुंदी 15. खिशात मावेल एवढी वस्तू.

हे बेरिंग शाफ्टवर दाबून बसवतात, कारण शाफ्ट मुद्दामच भोकापेक्षा जाड ठेवलेला असतो. किती जाड? शाफ्ट साधारण 25.002 ते 25.011 मिलिमीटर आणि बेरिंगचं भोक 24.990 ते 25.000. म्हणजे पकड कमीत कमी 2 मायक्रॉनची आणि जास्तीत जास्त 21 मायक्रॉनची. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. ‘घट्ट’ म्हणजे काय ते केसाच्या तिसऱ्या हिश्श्यात ठरतं.

आता ही मोटर जुनी झाली. बेरिंग दोन-चार वेळा काढलं-घातलं गेलं, शाफ्ट झिजून 24.98 वर आला. भोक 25.00, फट 20 मायक्रॉन. हाताला जेमतेम जाणवेल, डोळ्याला मुळीच दिसणार नाही. मोटर चालू केली तर मजेत फिरेल.

पण शाफ्टचा घेर आता बेरिंगच्या आतल्या रिंगच्या घेरापेक्षा कमी आहे. पट्ट्याची ओढ एकाच दिशेला असली की शाफ्ट रिंगच्या आत लोळू लागतो आणि दर फेऱ्याला रिंग थोडी मागे पडते. किती मागे? फटीला पायने गुणा: 0.063 मिलिमीटर. एका फेऱ्याला हे काहीच नाही. मात्र मिनिटाला फेरे 1440, म्हणजे मिनिटाला 9 सेंटिमीटर. दर 1250 फेऱ्यांनी, म्हणजे मिनिटभराच्या आतच, रिंग शाफ्टभोवती एक अख्खा फेरा मागे पडलेली असते. तासाला साडेपाच मीटर, दिवसाला 130 मीटर. मोटर बारा महिने चोवीस तास चालली तर वर्षाला सुमारे साडेसत्तेचाळीस किलोमीटर. सीएसएमटीहून लोकलनं निघालात तर तेवढ्यात डोंबिवली येतं.

हा हिशोब नुसत्या लोळण्याचा झाला. प्रत्यक्षात धातूवर धातू घासतोही. बेरिंग काढल्यावर शाफ्टवर तांबूस भुकटी दिसते, ती या घासण्याची. घासण्यानं फट वाढते. फट 40 मायक्रॉन झाली की वर्षाचं अंतर 95 किलोमीटरवर जातं, आणि पुढची झीज अजून वेगानं होते. सैल बेरिंग आपोआप कधीच सुधारत नाही, ते असं.

यावर कारखान्यातला जुना इलाज म्हणजे शाफ्टवर पंच मारणं. ठोक्याभोवती धातू उचलला जातो आणि रिंग अडकते. वीस ठोके मारले आणि प्रत्येकाचं टोक अर्धा चौरस मिलिमीटर धरलं, तर एकूण 10 चौरस मिलिमीटर टेकलं. बसण्याची सगळी जागा 1,178 चौरस मिलिमीटर आहे. एक टक्क्याहूनही कमी धातूवर सगळा भार! ती टोकं दबली की गाडी मूळ पदावर. घाईच्या वेळी ठीक. दुरुस्ती म्हणून मी त्याला मोजत नाही.

उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांचं काम रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे फटीत भरून घट्ट होणारं रसायन, करतं. कोणत्याही कंपनीचं असो, फिटर त्याला लॉकटाइटच म्हणतो. आपल्या 20 मायक्रॉनच्या फटीत लागतं किती? सगळीकडे 10 मायक्रॉनचा थर धरला तर 0.012 मिलिलिटर. साधारण थेंब 0.05 मिलिलिटरचा असतो, म्हणजे पाव थेंब. 50 मिलिलिटरच्या बाटलीत कागदावर चार हजारांवर बेरिंगं बसतात. प्रत्यक्षात बरंचसं बाहेर येऊन फडक्याला लागतं.

त्या पाव थेंबाची ताकद बघा. मध्यम प्रकाराला चौरस मिलिमीटरमागे 10 न्यूटन धरले, तरी 1,178 चौरस मिलिमीटरवर 11,780 न्यूटन होतात. म्हणजे जवळजवळ 1,200 किलो वजन तोलण्याइतका जोर. फिरवण्याच्या भाषेत हे 147 न्यूटन-मीटर, आणि ही मोटर पूर्ण भारावर देते फक्त 10. तेल नीट पुसलं नाही, उष्णता जास्त झाली आणि निम्मी ताकद गेली, तरी मोटरीच्या सातपट उरते. जास्त ताकदीचे प्रकार याच्या अडीचपटीपर्यंत जातात, पण बेरिंगला ते सहसा नकोत. काढायचे म्हटले तर 250 अंशांपर्यंत तापवावं लागतं; त्यात ग्रीस आणि सील दोन्ही जातात.

हे रसायन हवेत पातळ राहतं आणि हवा तुटली, लोखंडाचा स्पर्श झाला की घट्ट होतं. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या रसायनशास्त्रज्ञांना असा द्रव सापडला होता, पण तो पातळ ठेवायला त्यातून सतत हवा सोडावी लागे. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1953 मध्ये तो बाटलीत टिकवून दाखवला. बाटली अर्धी रिकामी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ती हवा मालाचाच भाग आहे. पाव थेंबात या रसायनाचे साधारण दोन-तीन लाख कोटी कोटी रेणू असतात आणि फटीत शिरल्यावर ते एकमेकांना जोडले जाऊ लागतात. पूर्ण ताकदीला 24 तास द्यावे लागतात. कारखान्यात नेमकी हीच गोष्ट कोणाला परवडत नाही.

मात्र फट मोठी झाली की आकडे उलटतात. 0.3 मिलिमीटरच्या फटीत बेरिंग एका बाजूला टेकलेलं असतानाच रसायन घट्ट झालं, तर शाफ्ट केंद्रापासून 0.15 मिलिमीटर सरकतो. लहान मोटरीत रोटर आणि स्टेटरमधलं अंतरच पाव ते अर्धा मिलिमीटर असतं. तिथे स्लीव्ह किंवा वेल्डिंग भरून टर्निंग, दुसरा मार्ग नाही.

तेव्हा आधी मोजा. 25 चा शाफ्ट 24.90 च्या वर असेल तर बाटली उघडा, 24.75 च्याही खाली गेला असेल तर लेथवाल्याकडे जा. आणि मोजायला मायक्रोमीटरच घ्या. नेहमीच्या व्हर्नियरचं लघुतम माप 0.02 मिलिमीटर असतं, म्हणजे डोंबिवली गाठणारी ती फट त्याच्या एका रेघेएवढीच आहे.