पदवीचा कागद आणि परदेशातील प्रकल्प

मार्च २०१८मध्ये कुवैतच्या मनुष्यबळ प्राधिकरणाने एक परिपत्रक काढले. परदेशी अभियंत्यांना वास्तव्य परवान्याचे नूतनीकरण करायचे असेल तर कुवैत सोसायटी ऑफ इंजिनीअर्सचे ना-हरकत प्रमाणपत्र सादर करावे लागेल, असा त्याचा आशय. भारतीयांच्या बाबतीत त्यासाठी लावला गेलेला निकष आपल्याच राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाचा, म्हणजे एनबीएचा होता. ज्या अभ्यासक्रमाला एनबीएची मान्यता, त्याचीच पदवी ग्राह्य. वर्षानुवर्षे तेथील तेलशुद्धीकरण कारखाने चालवणारी माणसे एका फटक्यात कागदोपत्री अभियंता उरली नाहीत. एनबीएची स्थापनाच १९९४ची. त्याआधी पदवी घेतलेल्याने मान्यता आणायची कोठून, याचे उत्तर खिडकीपलीकडच्या कारकुनापाशी नव्हते. परराष्ट्र मंत्रालयाने हा प्रश्न कुवैत सरकारपुढे मांडला, चर्चा झाल्या. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी मात्र तोवर वाट न पाहता परवान्यावर ‘पर्यवेक्षक’ असे लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तेच काम पुढे सुरू केले.

मी याच व्यवसायातला आहे. प्रक्रिया अभियंता म्हणून माझी वीसहून अधिक वर्षे परदेशात गेली, त्यातली निम्मी आखातात आणि उरलेली नेदरलँड्समध्ये. ‘बाहेर जायचे आहे, काय करू?’ असे विचारणारे तरुण मला नेहमी भेटतात. त्यांना प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या, पगार यांची माहिती माझ्यापेक्षा अधिक असते. आपली पदवी सीमा ओलांडते की नाही, ही चौकशी मात्र क्वचितच कोणी केलेली असते.

हा व्यवसाय आहे तरी काय, ते आधी सांगायला हवे, कारण तो सहसा कोणाला दिसत नाही. स्थापत्य अभियंता नातेवाइकांना पूल दाखवू शकतो. आम्हाला दाखवण्यासारखे काही नसते. कच्च्या तेलातून पेट्रोल, नैसर्गिक वायूतून अमोनिया, अमोनियातून युरिया असा जो प्रवास होतो, त्यात प्रत्येक नळीतून किती द्रव, किती तापमानाला, किती दाबाखाली वाहील याचा हिशेब आम्ही करतो. त्या हिशेबातून आराखडा निघतो, आराखड्यावरून झडपा, पंप आणि मनोरे ठरतात. दाब वाढला तर कोणती सुरक्षा झडप उघडेल आणि तिच्यातून सुटलेला वायू कोठे जाईल, हेही आधीच ठरवावे लागते. सगळे ठीक असेल तर आमचे अस्तित्व कोणाला जाणवत नाही.

भारतात या विद्येला शंभर वर्षांची परंपरा आहे. १९२१ साली जादवपूरच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या संस्थेत रासायनिक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तो हिरालाल रॉय यांच्या पुढाकाराने. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे माटुंग्याची यूडीसीटी, उभी राहिली. तिचे संचालक राहिलेले प्रा. मनमोहन शर्मा १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय अभियंते. १९६५मध्ये अमेरिकेच्या बेक्टेल कंपनीच्या सहकार्याने ‘इंजिनिअर्स इंडिया’ स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. सुरुवातीला ती परकीयांकडून शिकली. तीच कंपनी पुढे नायजेरियातील लागोसजवळच्या लेक्की येथे दिवसाला साडेसहा लाख पिंपे तेल शुद्ध करू शकणाऱ्या डांगोटे कारखान्याची सल्लागार होती. मे २०२३मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्या कारखान्यासाठी निवडलेल्या काही नायजेरियन तरुणांनी मुंबईत भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात प्रशिक्षण घेतले होते. आज मंगोलियाच्या वाळवंटी प्रदेशात भारताच्या कर्जसाहाय्याने तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतो आहे, तेथेही इंजिनिअर्स इंडियाच सल्लागार आहे.

तेव्हा प्रश्न कौशल्याचा नाही. तो ओळखपत्राचा आहे.

मी बिहारमधल्या बरौनीचा. सोव्हिएत साहाय्याने १९६४मध्ये सुरू झालेल्या तेथील तेलशुद्धीकरण कारखान्याची ज्योत आमच्या गच्चीवरून दिसे. शिक्षण सिंद्रीला झाले, जेथे स्वतंत्र भारताचा पहिला मोठा सरकारी खत कारखाना उभा राहिला. पदवीनंतर उत्तर प्रदेशातील एका खत कारखान्यात अमोनिया संयंत्रावर सात वर्षे पाळ्या केल्या. आजची मुले ही सात वर्षे ऐकून हळहळतात. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये दोन महिन्यांत जे जमते त्यासाठी एवढी रात्रपाळी कशाला, असे त्यांना वाटते. परंतु रात्री तीन वाजता कॉम्प्रेसरचा आवाज किंचित बदलला, की पायऱ्या उतरून त्याच्याजवळ जायचे का नियंत्रण कक्षात बसून आकडे पाहायचे, हा निर्णय कोणतेही सॉफ्टवेअर शिकवत नाही. परदेशातल्या माझ्या प्रत्येक मुलाखतीत याच सात वर्षांवर प्रश्न आले, गुणपत्रिका कोणी उघडलीदेखील नाही.

आखातातली वर्षे पैशाच्या दृष्टीने चांगली गेली, हे कबूल केले पाहिजे. बरौनीचे घर त्यातूनच झाले. पण तेथल्या एका प्रकल्पावर, एकाच खोलीत, एकाच आराखड्यावर काम करणाऱ्या आम्हा चौघांचे पगार चार प्रकारचे होते आणि तो फरक अनुभवाचा नव्हता, पारपत्राच्या रंगाचा होता. ते कोणी लपवतही नसे. तक्रार कोठे करायची? आपल्या उत्प्रवासन कायद्याची रचना १९८३ची आहे आणि ती मुख्यतः कमी शिकलेल्या मजुरांच्या रक्षणासाठी आहे. पदवीधराला उत्प्रवासन तपासणी लागत नाही, त्यामुळे त्याचा करार सहसा कोणत्याही भारतीय अधिकाऱ्याच्या नजरेखालून जात नाही. ही सवलत आहे खरी, परंतु करार मोडला की तिचा दुसरा अर्थ कळतो.

२००७मध्ये मी रॉटरडॅमला गेलो. नेदरलँड्सने २००४मध्ये उच्चकुशल स्थलांतरितांसाठी वेगळी योजना सुरू केली होती. मान्यताप्राप्त कंपनीने ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक पगार देऊ केला, की सरकार फारसे काही विचारत नसे. पगार हीच पात्रता, असा तो रोखठोक डच हिशेब. ऑस्ट्रेलियाची तऱ्हा वेगळी. तेथे स्थलांतर करू पाहणाऱ्या अभियंत्याची पदवी आंतरराष्ट्रीय कराराखाली मान्य नसेल, तर त्याला ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ या संस्थेकडे आपल्या कामाचे तीन सविस्तर वृत्तांत लिहून द्यावे लागतात. मी हे केले, तू ते केलेस, संघाने काय केले, हे सगळे वेगळे काढून. आपल्याकडच्या अभियंत्याला ‘आम्ही’ म्हणण्याची एवढी सवय असते की ‘मी’ लिहिताना त्याचा हात अडखळतो. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५ हजार, त्यासाठी सोडत, आणि सप्टेंबर २०२५पासून नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क. तेथली वाट आता फार थोड्यांसाठी उरली आहे.

यातला ‘आंतरराष्ट्रीय करार’ म्हणजे १९८९चा वॉशिंग्टन करार. सदस्य देशांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानाव्यात, ही त्याची मूळ कल्पना. १३ जून २०१४ रोजी एनबीएला त्याचे पूर्ण सदस्यत्व मिळाले आणि वृत्तपत्रांतून त्याचे योग्य ते स्वागत झाले. त्या आनंदात एक तपशील मागे पडला. हा लाभ केवळ एनबीएने ‘टिअर-वन’ गटात मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांना आहे. या गटात मुख्यतः स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग येतात. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये ‘टिअर-टू’मध्ये मोडतात, त्यांची मान्यता देशात चालते, कराराखाली चालत नाही. शिवाय मान्यता महाविद्यालयाला नसते, एकेका अभ्यासक्रमाला असते. ती तीन किंवा सहा वर्षांसाठी मिळते आणि संपतेही. प्रवेशद्वारावरचा ‘एनबीए मान्यताप्राप्त’ हा फलक संगणक शाखेच्या बळावर लागलेला असू शकतो, तुमच्या मुलीला प्रवेश मिळालेल्या रासायनिक शाखेच्या नव्हे. पाटणा, कोइंबतूर किंवा जळगावच्या पालकाला हे कोण सांगणार? समुपदेशनाच्या खिडकीवर तर सांगत नाहीत.

दुसरी उणीव अधिक जुनी आहे. डॉक्टरांसाठी, वकिलांसाठी, वास्तुविशारदांसाठी आपल्याकडे कायद्याने स्थापन झालेल्या परिषदा आहेत. अभियंत्यांसाठी तशी परिषद नाही. अभियंत्यांच्या नोंदणीचे विधेयक आणण्याची चर्चा अनेकदा झाली आणि दर वेळी विरून गेली. परिणामी परदेशी संस्थेने ‘तुमच्या देशातला तुमचा नोंदणी क्रमांक सांगा’ असे विचारले की आपण पदवीची छायाप्रत पुढे करतो. माझ्यासारखे अनेकजण मग ब्रिटनच्या रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेकडे जाऊन ‘चार्टर्ड’ ही उपाधी मिळवतात, तिची वर्गणी पौंडांत भरतात आणि त्या इंग्रजी शिक्क्यावर अरबी देशात भारतीय अनुभव मान्य करून घेतात. यातला विनोद मला कळतो, पण हसू येत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कागदाशिवाय आपल्याबरोबर सगळीकडे येते. प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या आराखड्याची ‘हॅझॉप’ नावाची तपासणी होते. दहा-बारा माणसे एका टेबलाभोवती आठवडेच्या आठवडे बसतात आणि एकेका नळीबद्दल विचारतात: प्रवाह थांबला तर? उलटा फिरला तर? दाब वाढला तर? ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत साठच्या दशकात जन्मलेली ही पद्धत आता जगभर चालते. रॉटरडॅममधल्या माझ्या पहिल्याच तपासणीत प्रमुखाने प्रास्ताविकासाठी उदाहरण घेतले ते भोपाळचे. २ डिसेंबर १९८४च्या त्या रात्री टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. शीतकरण यंत्रणा बंद होती, ज्योतीकडे जाणारी नळी जोडलेली नव्हती, वायू धुणारी यंत्रणा त्या लोटापुढे अपुरी होती. मुळात ते रसायन अंतिम उत्पादन नव्हतेच, मधल्या टप्प्यातले. एवढा साठा ठेवण्याची गरज होती का, हाच पहिला प्रश्न. बोलता बोलता प्रमुख थांबले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कोणाच्या नजरेत दोषारोप नव्हता. पण माझ्या देशात हजारो माणसे ज्या चुकांनी मेली, त्या चुकांवर जगातल्या प्रक्रिया अभियंत्याचे शिक्षण उभे आहे आणि आमच्या अनेक महाविद्यालयांत तो विषय आजही ऐच्छिक आहे, हे त्या क्षणी मला फार टोचले. भोपाळ नीट वाचलेला भारतीय अभियंता त्या टेबलावर वेगळ्या अधिकाराने बोलू शकतो, असे माझे मत आहे.

हा सगळा खटाटोप करून जावे तरी का, असेही आता विचारले जाते. युरोपातील जुने कारखाने मिटू लागले आहेत. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथला एप्रिल २०२५मध्ये कच्च्या तेलाचे शुद्धीकरण थांबले. दुसरीकडे गुरुग्राम, चेन्नई, वडोदरा, मुंबई येथे बहुराष्ट्रीय अभियांत्रिकी कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत आणि टेक्सास किंवा कतारच्या प्रकल्पांचे आराखडे तेथे रोज काढले जातात. कांजूरमार्गला बसून आंतरराष्ट्रीय कारकीर्द होऊ शकते. ती खरी कारकीर्द आहे, मी तिला कमी लेखत नाही. फक्त त्या आराखड्याखाली अंतिम सही कोणाची असते ते पाहावे. ती बहुधा अशा देशातल्या माणसाची असते, जेथे सही करण्याचा अधिकार कायद्याने नोंदलेला आहे. मजुरी आपल्याकडे आली, जबाबदारी आणि तिचा मोबदला तेथेच राहिला.

अलीकडच्या व्यापार करारांत, संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ मध्ये झालेल्या करारातही, व्यावसायिक पात्रतांच्या परस्पर मान्यतेसाठी वाटाघाटींची तरतूद आहे. ती वापरायची तर टेबलाच्या आपल्या बाजूला अभियंत्यांच्या वतीने बोलणारी, नोंदणी आणि शिस्तभंगाचा अधिकार असलेली संस्था हवी. वाणिज्य मंत्रालयाचा अधिकारी कितीही हुशार असला तरी तो दुसऱ्याच्या परिषदेशी परिषद म्हणून करार करू शकत नाही. हे विधेयक येईल तेव्हा येईल. प्रवेशाचा हंगाम दरवर्षी जून-जुलैत येतोच. त्या रांगेत उभ्या असलेल्या पालकांनी महाविद्यालयाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: या शाखेला एनबीएची मान्यता आहे का, ती कोणत्या गटातली आहे, आणि मुलगा किंवा मुलगी उत्तीर्ण होईल त्या वर्षी ती चालू असेल का.