रानाची इर्जिक

सह्याद्रीच्या पायथ्याशी जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यास गव्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा या तालुक्यांत उसाच्या फडात एक रात्र कळप उतरला म्हणजे वर्षाच्या मेहनतीचे काय होते, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी सोसलेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तर गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला, आणि त्याच दिवसांत शहराजवळील एका गावी गव्याच्या धडकेने एक तरुण प्राणास मुकला. अशा स्थितीत वन्य पशूंसाठी रान सुधारावे, आणि तेही विनामोबदला, असे कोणी सुचविले तर शेतकऱ्यास राग येणे साहजिक आहे. तथापि हे काम प्रथम शेतकऱ्याच्याच हिताचे आहे, असे आमचे विचारांती मत झाले असून त्याची कारणे व रीत येथे मांडण्याचे योजिले आहे.

दाजीपूरचे रान करवीर संस्थानच्या काळी दरबारच्या शिकारीसाठी राखलेले असे. १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या निवडक स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत याचाही समावेश झाला. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट निराळीच आहे. राधानगरी व काळम्मावाडी हे दोन्ही जलाशय याच रानाच्या कुशीत आहेत. भोगावती आणि दूधगंगा यांच्या काठी ज्यांचे मळे आहेत, त्यांचे पाणी याच डोंगरउतारांवरून येते. उतारावर झाडोरा व गवत असले म्हणजे पावसाचे पाणी मुरते आणि झरे उन्हाळ्यात तग धरतात. उतार उघडा पडला म्हणजे माती वाहून धरणात बसते. गव्याचे घर आणि आपल्या पाटाचे पाणी ही अशी एका ठिकाणची आहेत.

आता गवा फडात का येतो, हे पाहू. ऊस रानाच्या कडेपर्यंत गेला आहे, हे एक कारण. एकदा उसाची गोडी लागलेला कळप सहजासहजी ती सोडीत नाही, हेही खरे. परंतु दुसरे कारण रानातच आहे. गवा हा मुख्यत्वे गवत व कोवळा पाला यांवर जगणारा प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन आठशे ते हजार किलोपर्यंत भरते. एवढ्या देहास चारा किती लागत असेल याचा अंदाज बैल बाळगणाऱ्यास सहज करता येईल. आणि ज्या मोकळ्या जागी तो चारा उगवत असे, तेथे सांप्रत रानमोडी व घाणेरी माजली आहे. ही दोन्ही झुडपे परदेशांतून आलेली. गुरे त्यांस तोंड लावीत नाहीत, गवाही लावीत नाही. त्यात दरसाल लागणारे वणवे कोवळी रोपे जाळतात, आणि जळालेल्या जागी पहिली उठते ती बहुधा रानमोडीच.

यास्तव रानसेवेचा आरंभ रोप लावण्याने न करता तण काढण्याने करावा. रानमोडी पावसाळ्याच्या उत्तरार्धात, जमीन ओली असता, मुळासकट उपटावी; नुसती छाटल्यास बुंध्यापासून पुन्हा फुटते. हिवाळ्यात तिला फुले येऊन बी वाऱ्यावर उडू लागते, म्हणून हे काम दसऱ्याच्या सुमारास आटोपलेले बरे. घाणेरीची रीत थोडी वेगळी आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीप्रमाणे तिचे मुख्य मूळ जमिनीच्या दोन-तीन बोटे खाली कुदळीने तोडावे व झुडूप तेथेच मुळे वर करून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा जीव धरीत नाही. साफ केलेल्या जागेवर पुढील दोन-तीन वर्षे फेरी घालून नवी उगवण काढीत राहावे. शेतातील हरळीचा ज्यांस अनुभव आहे, त्यांस याचे महत्त्व सांगावयास नको.

दुसरी गोष्ट गवताची. रान सुधारणे म्हणजे दिसेल त्या मोकळ्या जागी खड्डा घेणे, अशी समजूत फार पसरली आहे. सावराई सड्यासारखे जांभ्या दगडाचे सडे व डोंगरमाथ्यावरील माळ हे उजाड दिसले तरी उजाड नसतात. ती वन्य पशूंची कुरणे होत. तेथे झाडे लावल्यास झाडही धड वाढत नाही आणि कुरणही जाते. अशा जागी तण काढून गवत राखणे हीच खरी सेवा.

झाडे लावावयाची ती जेथे पूर्वी झाडी होती तेथे, आणि त्याच रानातील जातींची. निलगिरी व ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढून डोळ्यांस हिरवी दिसतात. परंतु शेकरूस वा धनेशास त्यांपासून खावयास काही मिळत नाही. जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी, कुंभा, ऐन, वड, उंबर ही आपल्या डोंगरांतील झाडे. जांभळाचे बी फार दिवस टिकत नाही; फळ पिकताच गोळा करून ताजे पेरावे. वडाची जाड फांदी पावसाच्या आरंभी लावली तरी जीव धरते. उंबराचा विसर पडू देऊ नये. इतर फळे संपलेली असताना त्याच्या फळांवर पुष्कळ प्राणी तगतात, आणि पक्षी खाल्लेले बी दूरवर टाकून पुढची लावणी स्वतःच करतात.

तिसरी गोष्ट राखणीची. माघ-फाल्गुनात वनखात्याच्या जाळरेषा साफ करण्यास हात द्यावा. गवत चांगले फुटते म्हणून डोंगर पेटविण्याची चाल ज्या गावी असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी ती बंद करावी. तसेच रानाच्या कडेस चरणाऱ्या गुरांस लाळ-खुरकताची लस वेळेवर टोचून घ्यावी. १९६८ साली दक्षिणेतील मुदुमलैच्या जंगलात बुळकांडीने गव्यांचा मोठा संहार केला होता. ती साथ २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. लाळ-खुरकत मात्र अद्याप आहे, आणि तो गुरांपासून गव्यांस व गव्यांपासून गुरांस होऊ शकतो.

या खटपटीस फळ येते काय, असे कोणी विचारील. तमिळनाडूतील आनैमलै डोंगरात वालपराई येथे चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये रानाचे तुकडे उरले आहेत. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेने गेली वीसहून अधिक वर्षे मळेवाल्यांच्या सहकार्याने तेथे याच क्रमाने काम चालविले आहे: आधी घाणेरी काढावयाची, मग त्याच डोंगरातील बी गोळा करून अनेक जातींची मिश्र रोपे लावावयाची. तेथील अनुभव असा, की नुसत्या सोडून दिलेल्या तुकड्यांपेक्षा हाताखालून गेलेले तुकडे लवकर सावरले. काम सावकाशीचे आहे. आंब्याची कलमे लावणाऱ्यापेक्षाही अधिक धीर येथे पाहिजे. आज गवत राखले म्हणून पुढच्या हंगामात फड निर्धास्त होईल, असे वचन आम्ही देत नाही. कुंपण, राखण व नुकसानभरपाईचा पाठपुरावा हे चालूच ठेवावे लागेल. परंतु रानात चारा नसता केवळ कुंपणावर भिस्त ठेवणे हे दरसाल वाढत जाणाऱ्या खर्चास आमंत्रण आहे.

मनुष्यबळाची अडचण आम्हांस मोठी वाटत नाही. ज्याची नांगरट मागे पडली त्याच्या शेतात सारा गाव औते घेऊन उतरतो, त्यास आपण इर्जिक म्हणतो. आणि आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, या बोलीने पैरा फेडतो. रानाची नांगरट अशीच मागे पडली आहे. गावातील वीस-पंचवीस जणांनी पावसाळ्यात चार दिवस व उन्हाळ्यात दोन दिवस दिले, तरी एक खोरे हाती धरता येईल. मात्र वनहद्दीत पाऊल टाकण्यापूर्वी वनरक्षकास भेटून रीतसर परवानगी घ्यावी आणि जागा त्याच्या सल्ल्याने ठरवावी. गावची देवराई असेल तर आरंभ तेथूनच करावा. जुन्या झाडांचे बी तेथे आयते मिळते. यंदाच्या पावसाची इतर कामे आटोपताच प्रत्येक गावाने आपल्या शिवाराला लागून असलेला एक उतार निवडावा आणि तेथील रानमोडी फुलावर येण्यापूर्वी उपटून काढावी, अशी आमची सूचना आहे.