जिजाऊंचं माहेर

मैत्रिणींनो, लखुजी जाधवराव कोण, असं विचारलं तर आपण पटकन सांगतो, ‘जिजाऊंचे वडील.’ पण पुढे? पुढे बहुतेकींची गाडी अडते.

मी राहते मुकुंदवाडीत. आमच्या इथून जालना रोड धरून पूर्वेला गेलं की जालन्यावरून सिंदखेडराजा येतं. पश्चिमेला शहर ओलांडलं की दौलताबादचा किल्ला. सिंदखेडला लखुजींचा राजवाडा, आणि दौलताबादला त्यांचा शेवट झाला. या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर आपण रोज भाजी आणतो, मुलांना शाळेत सोडतो. म्हणून या घराची गोष्ट मला कधी परकी वाटली नाही.

लखुजी हे सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतले बडे सरदार. देवगिरीच्या यादवांचा वंश हे घराणं सांगतं. पत्नी म्हाळसाबाई. मुलगे दत्ताजी, अचलोजी, रघोजी, बहादुरजी, आणि लेक जिजाऊ. ती वेरूळच्या मालोजी भोसल्यांची सून झाली. दोन्ही घरं तोलामोलाची आणि एकाच दरबारातली. लेक जवळच दिली, असंच आईला वाटलं असेल, नाही का?

पण घरं जवळ असली म्हणून मनं जवळ राहतातच असं नाही. एकदा दरबार सुटताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून दत्ताजी जाधव आणि संभाजी भोसले यांची जुंपली. हे संभाजी म्हणजे शहाजीराजांचे चुलतभाऊ. त्यात दत्ताजी पडले. मुलगा गेल्याचं कळताच लखुजी उलटे फिरले आणि त्यांच्या हातून संभाजी मारले गेले. जावई शहाजीराजेही जखमी झाले. विचार करा, एकाच दिवशी जिजाऊंचा सख्खा भाऊ गेला, चुलत दीर गेला, आणि नवऱ्यावर वार करणारे स्वतःचे वडील. कुणाच्या गळ्यात पडून रडायचं तिनं?

पुढे लखुजी मोगलांकडे गेले. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीची लढाई झाली, तेव्हा शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूनं, तर सासरे समोरच्या फौजेत. या लढाईत शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी कामी आले.

काही काळानं लखुजी निजामशाहीत परतले. पण संशय एकदा शिरला की जात नाही. 25 जुलै 1629 रोजी ते मुलांसह दौलताबादच्या दरबारात मुजऱ्याला गेले असताना निजामशाहाच्या हुकमानं त्यांच्यावर हल्ला झाला. लखुजी, अचलोजी, रघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघं तिथेच मारले गेले. ज्या देवगिरीचा वारसा सांगायचा, त्याच किल्ल्यात घराणं कापलं गेलं. लखुजींची पत्नी धाकटे दीर जगदेवराव आणि मुलगा बहादुरजी यांच्यासह कशीबशी सिंदखेडला पोहोचली.

यशवंतराव हा दत्ताजींचा मुलगा. म्हणजे त्याच्या आईनं आधी नवरा गमावला, मग लेक. तिचं नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय?

जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सातच महिन्यांत, 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर शिवराय जन्मले. आपल्याकडे गरोदर बाईला साधी वाईट बातमीही चार दिवस उशिरा सांगतात. आणि इथे तर पोटात बाळ आणि उरात चार प्रेतं!

आमच्या सासर-माहेरात शेताच्या बांधावरून काही वर्षं बोलणं बंद होतं. भांडण पुरुषांचं, पण दिवाळीला माहेरची पिशवी भरायची की नाही, हा प्रश्न माझा होता. तलवारी नव्हत्या, तरी घास गिळत नव्हता. म्हणून जिजाऊंचं मला जास्त कौतुक वाटतं. त्यांनी माहेरचं वैर मुलाच्या हाती दिलं नाही. पुढे शिवरायांच्या एक राणी, काशीबाई, जाधवांच्याच घरातून आल्या. मराठ्यांचे नामवंत सेनापती धनाजी जाधव हेही याच अचलोजींच्या वंशातले. तुटलेलं नातं पुन्हा जोडलं गेलं.

2023 पासून आपल्या शहराला छत्रपती संभाजीराजांचं नाव आहे. ते लखुजींचे पणतू. जाधव आणि भोसले, दोन्ही घरांचं रक्त त्या नावात आहे.

सिंदखेडराजाला लखुजींची भलीमोठी समाधी आहे. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी तिथे गर्दी लोटते. गेलात तर राजवाडा पाहाच, पण समाधीपाशीही घटकाभर थांबा. आणि घरात कुणाशी अबोला असेल, तर परतताना एक फोन करा. पुरुषांनी ताणलेलं नातं सांभाळायचं काम आपल्याच वाट्याला का यावं, हा प्रश्न खराच आहे. तोही जरूर विचारा, पण फोन आधी करा.