मुरगळलेला घोटा : सूज उतरली तरी काम बाकी

पाऊल आत वळून घोटा मुरगळला की बहुधा बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा अस्थिबंध, ताणले जाते किंवा फाटते. पहिले काही दिवस सूज आणि ठणका असतो. दुरुस्ती करणाऱ्या पेशी याच काळात जखमेपाशी जमतात. तेव्हा घोटा चोळू नये, शेकूही नये; आतला रक्तस्राव वाढतो. क्रेप बँडेज बांधावे, पाय उंच ठेवावा. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडले; बर्फाबद्दलचे मत मात्र त्यांनीच पुढे बदलले.

नंतरचे काही आठवडे नवे कोलॅजन, म्हणजे अस्थिबंध घडवणारे प्रथिन, तयार होते. त्याचे धागे आधी विस्कळीत असतात. बेताचा ताण मिळाला तरच ते नीट एका दिशेने रचले जातात. म्हणून घोटा वर-खाली करणे, अंगठ्याने हवेत अक्षरे काढणे, मग टाचा उचलणे. पूर्ण बळकटी यायला कित्येक महिने लागतात.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते तोलाच्या व्यायामाकडे, आणि तोच घोटा पुन्हा मुरगळण्याचे हे मोठे कारण आहे. दुखापतीने सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी जाणीव मंदावते. भिंतीजवळ एका पायावर अर्धा मिनिट उभे राहावे. जमू लागले की डोळे मिटून.

चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा.