आधी रक्त तपासा, मग सराव वाढवा

पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत १९१९ साली शेतकरी घरांतले धावपटू अनवाणी धावले. सर दोराबजी टाटांनी त्यांच्या वेळा पाहिल्या आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ती मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. म्हणजे किलोमीटरला चार मिनिटे! आपण या वेगाने एक किलोमीटर तरी धावू का?

दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली आणि २०१६ मध्ये रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

मेहनतीने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात. हे काही आठवड्यांत सुरू होते. हाडे मात्र सावकाश बळकट होतात. म्हणून अंतर एकदम वाढवले की नडगी दुखू लागते.

मुलींचे दुखणे वेगळे आणि न दिसणारे. पाळी, अपुरा आहार आणि रोजचे धावणे यांत लोहाचा साठा आटतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकते. मुलगी मागे पडली की ‘आळशी झाली’ म्हणून सराव वाढवला जातो. माझ्या मते आधी रक्त तपासावे. कमतरता असेल तरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. आणि ती चहाबरोबर नव्हे, लिंबूपाण्याबरोबर. चहाने लोह नीट शोषले जात नाही.